न सापडणारी डिस्क : लिनक्स बसवताना येणारी एक अडचण

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने उशिरा उघडतात. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि या दिवसांत शाळेची संगणक खोली कुलूपबंद असते. जूनच्या अखेरीस कुलूप निघते, टेबलांवरची धूळ झटकली जाते आणि नव्या वर्षाची तयारी सुरू होते. समजा, देवळी किंवा आर्वी तालुक्यातील एखाद्या शाळेतील शिक्षकाने ठरविले की, जुन्या संगणकावर यंदा लिनक्स बसवावयाचे. पेन ड्राईव्ह तयार होतो, संगणक त्यावरून सुरूही होतो. भाषा निवडली जाते, कळफलकाची मांडणी निवडली जाते आणि पुढच्याच पडद्यावर निरोप येतो की, या संगणकात एकही हार्ड डिस्क आढळली नाही.

डिस्क तर आत आहे. काल-परवापर्यंत तिच्यावर काम चालू होते. मात्र पडद्यावरील निरोप वाचून बहुतेकांची समजूत होते ती एकच : डिस्क निकामी झाली. मग जडसंग्रह नोंदवहीत तसा शेरा पडतो आणि संगणक निर्लेखनाच्या यादीत जातो. प्रत्यक्षात अशा प्रसंगी डिस्क शाबूत असण्याचा संभव मोठा असतो. बिघडलेली असते ती डिस्क आणि नवी प्रणाली यांच्यामधील ओळख. ती कोठे तुटली हे शोधण्याची रीत ठाऊक असेल, तर पुष्कळ वेळा एक रुपयाही खर्च न करता काम पुढे जाते.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का झाला, हेही सांगितले पाहिजे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. तिची जागा घेणाऱ्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. इंटेल कंपनीच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे शाळांत, ग्रामपंचायतींत आणि लहान कार्यालयांत असलेले कित्येक चांगले चालणारे संगणक एकाएकी जुने ठरले. अशा यंत्रांपुढे लिनक्स हा एक मोकळा रस्ता आहे. तो विनामूल्य आहे. सरकारी कामात मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केले असून सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणालीही तयार केली आहे. मात्र या रस्त्याच्या पहिल्याच वळणावर डिस्क न सापडण्याची ही अडचण उभी राहते आणि अनेक जण तेथूनच परत फिरतात.

अभिलेख कक्ष आणि अभिलेखपाल

डिस्क कंट्रोलर, म्हणजे डिस्कचा नियंत्रक, ही काय वस्तू आहे हे समजण्यासाठी तहसील कचेरीतील अभिलेख कक्षाचे उदाहरण घेता येईल. जुने फेरफार, नकाशे, दप्तरे सारे त्या कक्षात असते. पण तहसीलदार स्वतः तेथे जाऊन गठ्ठे सोडीत नाहीत. ते अभिलेखपालाकडे मागणी करतात आणि अभिलेखपाल हवा तो कागद आणून देतो. संगणकातही हेच घडते. प्रणाली डिस्कशी थेट बोलत नाही. ती मदरबोर्डवरील नियंत्रकाकडे मागणी नोंदविते आणि नियंत्रक डिस्कवरील माहिती आणून हवाली करतो. या नियंत्रकाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हे ज्या छोट्या आज्ञावलीला ठाऊक असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर नसेल, किंवा नियंत्रकाने अनोळखी भाषा धरली असेल, तर कक्ष भरलेला असूनही अधिकाऱ्याच्या लेखी तो रिकामाच.

या भाषा काळानुसार बदलत गेल्या. हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगाला दिली, तेव्हा त्यांनी असेही लिहून ठेवले होते की, ही प्रणाली एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी कोणतीही डिस्क बहुधा कधीच ओळखणार नाही; कारण त्यांच्याजवळ तेवढीच होती. हे भाकीत पुढे सपशेल खोटे ठरले. आज लिनक्सच्या गाभ्यात शेकडो प्रकारच्या नियंत्रकांचे ड्रायव्हर आहेत. मात्र त्या नोंदीतील एक गोष्ट अजूनही खरी आहे : एखादा नियंत्रक ओळखू यावा, यासाठी कोणीतरी त्याचा ड्रायव्हर लिहिलेला असावा लागतो.

जुन्या संगणकांत रुंद चपट्या पट्टीची आयडीई जोडणी असे. २००३ च्या सुमारास अरुंद तारेची साटा जोडणी आली आणि तिच्यासाठी इंटेलने एएचसीआय नावाची सर्वांना खुली अशी रीत २००४ मध्ये ठरवून दिली. लिनक्स ही भाषा उत्तम जाणते. २०११ मध्ये एनव्हीएमई ही वेगवान रीत आली. हिच्या डिस्क मदरबोर्डवर आडव्या बसविलेल्या छोट्या पट्टीसारख्या दिसतात आणि त्याही लिनक्सला सहज कळतात. घोटाळा होतो तो तिसऱ्याच ठिकाणी.

पहिला प्रश्न बायोसला

शोध सुरू करताना लिनक्स बाजूला ठेवावे. संगणक सुरू होताच एफ-२ किंवा डिलीट ही कळ (काही यंत्रांत एफ-१ अथवा एफ-१०) दाबून बायोसचा पडदा उघडावा आणि तेथे डिस्कचे नाव व क्षमता दिसते काय, हे पाहावे.

तेथेही डिस्क दिसत नसेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. संगणक बंद करून, वीजजोड काढून, झाकण उघडावे. साटाची तार आणि वीजपुरवठ्याची तार दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. उन्हाळाभर धूळ आणि त्यामागून पावसाळ्याची दमट हवा, यांमुळे धातूच्या टोकांवर पापुद्रा धरतो. नुसती तार काढून लावल्याने डिस्क परत दिसू लागल्याचा अनुभव संगणक दुरुस्त करणाऱ्यांना नित्याचा आहे. तार बदलून पाहावी, मदरबोर्डवरील दुसऱ्या खोबणीत लावून पाहावी. इतके करूनही बायोसला डिस्क दिसली नाही आणि तीच डिस्क दुसऱ्या चांगल्या संगणकातही दिसली नाही, तरच ती गेली असे म्हणावे. निर्लेखनाचा शेरा लिहिण्यापूर्वी निदान ही दुसऱ्या संगणकातील तपासणी झालेली असावी.

बायोसच्या याच पडद्यावर तारीख आणि वेळ पाहून घ्यावी. तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे. सीआर-२०३२ या क्रमांकाची ही ३ व्होल्टची बॅटरी संगणक वीजजोडणीपासून तुटलेला असताना घड्याळ आणि बायोसच्या निवडी जपते. सुटीत मुख्य बटण बंद करून ठेवलेल्या जुन्या संगणकात ती नेमकी याच काळात दम सोडते. मग बायोस आपल्या सर्व निवडी विसरतो आणि कारखान्यातून आला तेव्हाच्या निवडींवर परत जातो. डिस्कच्या नियंत्रकाची निवडही त्यांतच असते. मार्चमध्ये चालणारा संगणक जुलैत का चालत नाही, याचे उत्तर कित्येकदा या स्वस्त बॅटरीत सापडते.

मधला पडदा : रेड आणि व्हीएमडी

बायोसला डिस्क दिसते, पण लिनक्सला दिसत नाही, हा प्रसंग सर्वांत अधिक गोंधळात टाकणारा आहे, आणि अलीकडच्या संगणकांत तोच अधिक आढळतो.

'रेड' म्हणजे दोन किंवा अधिक डिस्क एकत्र जोडून त्यांना एकच डिस्क असल्याप्रमाणे वापरण्याची व्यवस्था. मोठ्या कार्यालयांतील सर्व्हरमध्ये एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी, यासाठी ती उपयोगी पडते. शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील संगणकात डिस्क एकच असते, तेव्हा रेडचे तेथे काही काम नाही. तरीही अनेक संगणक कारखान्यातूनच नियंत्रक रेड या निवडीवर ठेवून पाठविले जातात. इंटेलच्या आरएसटी या तंत्रात, ही निवड चालू असताना, एनव्हीएमई डिस्क साटा नियंत्रकाच्या आड लपविली जाते. अभिलेखपालाच्या दारावर दुसराच एक पडदा टाकावा, तसे हे आहे. लिनक्स त्या दारापर्यंत पोहोचते आणि रिकाम्या हाती परतते. साधी साटा डिस्क मात्र रेड निवडीतही पुष्कळदा दिसते. म्हणून एकाच खोलीतील दोन सारख्या दिसणाऱ्या संगणकांपैकी एकावर लिनक्स बसते आणि दुसऱ्यावर बसत नाही, असे विचित्र चित्र दिसू शकते.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतरच्या कित्येक यंत्रांत, असाच पडदा व्हीएमडी या नावाने येतो. नव्या लिनक्समध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे. त्या सुमाराच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र या यंत्रांसाठी तो पुरेसा नव्हता. येथे लिनक्सवर ठपका ठेवण्याचे कारण नाही. याच यंत्रावर विंडोजची कोरी प्रत बसवू पाहणाऱ्यासही बहुधा 'डिस्क आढळली नाही' हाच निरोप मिळतो आणि इंटेलचा ड्रायव्हर वेगळा आणून द्यावा लागतो.

उपाय सोपा आहे. बायोसमध्ये साटा मोड, साटा ऑपरेशन अथवा स्टोरेज या नावाखाली रेडच्या जागी एएचसीआय ही निवड करावी. व्हीएमडी कंट्रोलर असा स्वतंत्र पर्याय असेल, तर तो बंद करावा. काही लॅपटॉपमध्ये ही निवड मुद्दाम लपविलेली असते. बायोसच्या 'मेन' या पानावर कंट्रोल आणि एस या दोन कळा एकत्र दाबल्यावर ती प्रकट होते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी लॅपटॉपच परत केले असतील.

निवड बदलण्यापूर्वी

मात्र हा बदल घाईने करावयाचा नाही. संगणकावरील जुने विंडोज ठेवून त्याच्या शेजारी लिनक्स बसवावयाचे असेल आणि कसलीही तयारी न करता रेडचे एएचसीआय केले, तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. कारण त्याने नव्या भाषेचा ड्रायव्हर जागा केलेला नसतो. यावर तोड अशी की, आधी विंडोजला पुढच्या खेपेस सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगावे, मग बायोसमधील निवड बदलावी, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडावे आणि त्यानंतर ते नेहमीच्या रीतीवर आणावे. बिटलॉकर ही कुलूपबंदी चालू असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमध्ये बदल होताच विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर आतील मजकूर मिळण्याचा मार्ग राहत नाही.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत हा इशारा अधिकच गंभीरपणे घ्यावयास हवा. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'संग्राम' प्रकल्पापासून महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या नोंदी संगणकावर येऊ लागल्या. आज बराचसा कारभार मध्यवर्ती सर्व्हरवर चालतो हे खरे. पण कर आकारणीच्या नमुना ८ च्या तयार केलेल्या याद्या, ठरावांच्या प्रती, जुन्या मागण्यांचे तक्ते, छायाचित्रे असे पुष्कळ काही त्या एका संगणकाच्या डिस्कवरच असते आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाने, आणि सरपंचांनी तंत्रज्ञाला यंत्र सोपविण्यापूर्वी ही प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घेतली आहे, याची स्वतः खात्री करावी. नंतर डिस्क सापडली, पण आतील नमुना ८ गेला, तर त्या दुरुस्तीला काय म्हणावयाचे?

आणखी एक फसगत नेहमी घडते. यादीत एकच डिस्क दिसते आणि नवखा माणूस आनंदाने तिचीच निवड करतो. ती डिस्क म्हणजे लावलेला पेन ड्राईव्हच असतो! नावापेक्षा क्षमतेकडे पाहावे. १६ किंवा ३२ जीबी दिसत असतील, तर ती संगणकातील डिस्क नव्हे.

लिनक्सला विचारावयाचे तीन प्रश्न

बायोसमध्ये सर्व ठीक असूनही डिस्क दिसत नसेल, तर लिनक्स न बसविता पेन ड्राईव्हवरूनच चालवून पाहावे. त्याला लाइव्ह रीत म्हणतात. टर्मिनल उघडून तीन आज्ञा द्याव्यात. त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात.

पहिली, एल-एस-बी-एल-के. ही प्रणालीला दिसणाऱ्या सर्व डिस्कची यादी देते. साटा डिस्क आणि पेन ड्राईव्ह यांची नावे 'एसडी' या अक्षरांनी सुरू होतात, एनव्हीएमईची त्याच नावाने. डिस्क या यादीत आहे, पण बसविण्याच्या पडद्यावर नाही, असे असेल तर दोष नियंत्रकाचा नाही. अशा वेळी एक शक्यता तपासावी : ती डिस्क पूर्वी दुसऱ्या संगणकात रेडच्या जोडीत होती काय? जोडीची खूण तिच्यावर लिहिलेली राहते आणि बसविणारी आज्ञावली तिला एकटी डिस्क मानण्यास तयार होत नाही. ती खूण पुसता येते, परंतु माहितीची प्रत काढल्यावरच.

दुसरी आज्ञा, एल-एस-पी-सी-आय, आणि तिच्यापुढे एक जागा सोडून आडवी रेघ व एन-एन-के ही अक्षरे. ही मदरबोर्डवरील सर्व उपकरणे दाखविते. त्यांत साटा, रेड किंवा नॉन-व्होलाटाइल मेमरी असे शब्द असलेली ओळ शोधावी. तिच्याखाली 'वापरात असलेला ड्रायव्हर' अशा अर्थाची ओळ असेल, तर ओळख पटलेली आहे. ती ओळच नसेल, तर नियंत्रक समोर आहे पण त्याच्याशी बोलणारा कोणी नाही, असा अर्थ होतो. नियंत्रकाच्या ओळीत चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन गट दिसतात. पहिला गट निर्मात्याचा, दुसरा उपकरणाचा. हा क्रमांक कागदावर टिपून ठेवावा. जाणकारास दूरध्वनी करताना 'डिस्क दिसत नाही' असे सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितला, तर उत्तर लवकर मिळते.

तिसरी आज्ञा, डी-एम-ई-एस-जी. संगणक सुरू होताना लिनक्सच्या गाभ्याने काय काय पाहिले, त्याची ही रोजनिशी. ती लांबलचक असते; तिच्यात एएचसीआय आणि एनव्हीएमई हे शब्द शोधावेत. वर सांगितलेल्या पडद्याचा प्रकार असेल, तर येथे आडून ठेवलेले एनव्हीएमई उपकरण सापडल्याचे आणि बायोसमध्ये रेडऐवजी एएचसीआय करावे असे चक्क लिहिलेले आढळते. उत्तर यंत्रानेच देऊन ठेवलेले असते, फक्त ते वाचले जात नाही.

ड्रायव्हर नाही असे निष्पन्न झाले, तर बहुधा चूक पेन ड्राईव्हवरील प्रतीची असते. कोणीतरी कधीकाळी उतरवून घेतलेली लिनक्सची प्रत एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते आणि नवा संगणक तिच्या जन्मानंतरचा असतो. ताजी प्रत उतरवून घेणे हाच उपाय. काही उपकरणांना ड्रायव्हरबरोबर फर्मवेअर ही निर्मात्याची आज्ञावलीही लागते. डेबियनने जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ती अधिकृत प्रतीतच समाविष्ट केली. त्यापूर्वी ती निराळी शोधावी लागे.

याच्या उलट प्रकारही आहे. कार्यालयांतील जुन्या सर्व्हरवर नवी प्रणाली बसवू गेल्यास डिस्क दिसेनाशी होते. कारण रेड हॅटने २०१९ च्या आठव्या आवृत्तीत बऱ्याच जुन्या रेड कार्डांचा आधार काढून टाकला. तेथे एलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाचे पूरक ड्रायव्हर किंवा दुसरी लिनक्स हे पर्याय राहतात. सर्व्हरच्या बाबतीत आधी एवढे पाहावे की, रेड कार्डाच्या स्वतःच्या पडद्यावर डिस्कचा समूह रचलेला आहे काय. तो रचलाच नसेल, तर ड्रायव्हर असूनही प्रणालीला दाखविण्यासारखे काही नसते. अशा यंत्रातील निवड एकट्याने बदलू नये. जिल्ह्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

शाळेच्या खोलीत

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, तेव्हा जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणी, चक्की, हातकागद अशा साधनांकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहिले. साधन असे असावे की, ते गावातच समजावे आणि गावातच दुरुस्त व्हावे. संगणक त्या जातीचे साधन नाही, हे उघड आहे. त्याची चिप गावात घडत नाही. परंतु तार बसविणे, बॅटरी बदलणे, बायोसमधील एक निवड ओळखणे आणि तीन आज्ञांचे उत्तर वाचणे एवढे गावात निश्चित होऊ शकते. आठवी-नववीचे विद्यार्थी हे एका तासात शिकतात. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकण्याची सोय केली आहे. ते उतरवून घेतल्यास इंटरनेट नसलेल्या खोलीतही चालविता येतात.

लिनक्स एकदा बसले की, आणखी एक काम उरते. त्या संगणकाच्या बायोसमध्ये कोणती निवड ठेवली आहे, बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली आणि नियंत्रकाचा क्रमांक कोणता, हे जाड कागदाच्या पट्टीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी आणि त्याचीच नोंद जडसंग्रह नोंदवहीत त्या संगणकापुढे करावी. मे महिन्यात बॅटरी पुन्हा दगा देईल आणि जूनअखेर ज्यांच्या हाती ती खोली येईल ते शिक्षक कदाचित बदलीवर नव्याने आलेले असतील.